समदी जेवली

मारितचा व्हिडिओ आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून चहात पाव बुडवत होते. फोनवर सगळं पांढरं दिसत होतं. खिडकीबाहेर बर्फ, खिडकीच्या आत पांढऱ्या भिंती, आणि त्या पांढऱ्यात एक निळा स्वेटर. तो मीच विणलेला. आत इंगाबाई होत्या, पण त्या इतक्या थोड्या उरल्या होत्या की मला आधी स्वेटर ओळखू आला.

मारित ही बाईंची भाची. नॉर्वेत राहते. बाईही मूळच्या तिथल्याच. त्यांचं खरं नाव इंगेबोर्ग, पण कोल्हापुरात ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. मिशनच्या कामासाठी ऐन तारुण्यात त्या इथं आल्या आणि आमच्या बालगृहाच्या होऊन गेल्या. काही वर्षांपूर्वी पडून कंबर मोडली तेव्हा भाची येऊन त्यांना घेऊन गेली. तेव्हापासून त्या तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या एका घरात आहेत.

व्हिडिओत बाईंपुढं ताटली होती. उकडलेला बटाटा आणि कसला तरी मासा. गोरी नर्स चमचा तोंडापाशी नेत होती आणि बाई मान वळवून दाराकडं बघत काहीतरी विचारत होत्या. नर्स हसून मान डोलवायची. बाई पुन्हा तेच विचारायच्या आणि तोंड घट्ट मिटून घ्यायच्या.

खाली मारितनं इंग्रजीत लिहिलं होतं. मावशी आता नॉर्वेजियन बोलत नाही, इंग्रजीही नाही. कित्येक दिवस नीट खाल्लेलं नाही. डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर फार काळ काढणार नाही. जेवण पुढं आलं की ती हे वाक्य म्हणते, आम्हाला वाटतं प्रार्थना असावी. तुम्हाला कळतंय का बघा.

मी आवाज वाढवला.

"पोरं जेवली का गं? समदी?"

मला आधी हसूच आलं. बर्फाच्या मुलखात बसून नर्सबाईला कोल्हापुरी हिसका! मग पाव गळून चहात पडला.

*

आमच्या बालगृहात एक रीत होती. दिवस मावळायच्या सुमाराला जेवणाच्या मोठ्या खोलीत पंगत बसायची. बाई दारात उभ्या राहायच्या. आत यायच्या नाहीत, बसायच्या नाहीत, एका खांद्यानं चौकटीला टेकून बघत राहायच्या. शेवटचं पोर उठून नळावर ताट विसळून आलं की वाढणारीनं मोठ्यानं सांगायचं, "बाई, समदी जेवली!" त्यानंतरच बाईंच्या पोटात अन्न जायचं. ताप असो, परदेशातून कुणी मोठे पाहुणे आलेले असोत, यात बदल नाही. एकदा असेच बडे पाहुणे भुकेनं कासावीस होऊन घड्याळाकडं बघत बसले होते आणि एक पोर मुद्दाम एकेक शीत वेचत होतं. बाईंनी त्याला घाई केली नाही.

ही आरोळी आधी शालूबाई द्यायची. ती आमची स्वयंपाकीण. ती थकल्यावर मी द्यायला लागले.

मी आले ती सीमेकडच्या एका गावातून. आई नव्हती, बाप होता पण नसल्यासारखा. मला फक्त कानडी येत होतं. बाईही तेव्हा नव्याच. भाषाशाळेत शिकून आलेल्या, पण त्या पुस्तकी मराठीनं बाजारात त्यांना कोथिंबीरसुद्धा मिळत नव्हती. मग आम्ही दोघी शालूबाईच्या चुलीपुढं बसून मराठी शिकलो. ती पळी दाखवायची, आम्ही दोघी पळी म्हणायचो. ती शिवी द्यायची, आम्ही तीही म्हणायचो. त्यामुळं बाईंची मराठी शेवटपर्यंत दोन तऱ्हांची राहिली. प्रार्थनेत एकदम छापील, आणि रागावल्या की अस्सल गंगावेशीच्या गल्लीतली. कोल्हापुरातल्या बायका बोलतात तसं त्याही "मी आलो, मी गेलो" म्हणायच्या. नवीन पाहुणा दचकायचा.

पुढं मी आवारातल्याच शाळेत शिकवलं, मग मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन झाले. सगळ्या पोरांची मी आक्का. फक्त बाईंची विद्ये. कागदावर विद्याश्री.

आणि आता बालगृह नाही. दोन वर्षं झाली बंद होऊन. मुलांनी होता होईल तो आपल्या माणसांत राहावं असं आता म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच आहे. माझी तक्रार नाही. शाळा चालू आहे, पोरं सकाळी येतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. जेवणाच्या खोलीत मोडकी बाकं रचून ठेवलीत. मागच्या छोट्या क्वार्टरमध्ये मी राहते आणि गेटवर केरबा. तोही माझ्यासारखाच, कुठं जायचं ते न सुचल्यामुळं राहिलेला.

जानेवारीत आमच्याकडं गुऱ्हाळं जोरात चालतात. संध्याकाळ झाली की त्यांचा धूर खाली उतरतो आणि सगळ्या आवारात गोड, किंचित करपट वास भरून राहतो. त्या वेळी मला पुष्कळदा कळत नाही की कुठलं साल चाललंय. वाटतं, आता नळावर ताटं वाजतील. कुणीतरी कुणाची तरी वेणी ओढेल. मी पायरीवर बसून राहते आणि अंधार पडला की उठून दिवा लावते. याला दुःख म्हणत नाहीत, सवय म्हणतात, असं मी केरबाला सांगते. तो म्हणतो, "आक्का, तुमी जरा बारीक झालाय." मी त्याला गेटवर पिटाळते.

*

दुसऱ्या दिवशी मारितच्या आणि माझ्या वेळा जुळवून आम्ही व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं दुपारचं जेवण म्हणजे आमची दिवेलागण. बाईंपुढं ताटली आली. मारितनं फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं की माझ्या मागच्या भिंतीकडं, कुणास ठाऊक.

"पोरं जेवली का गं?"

"जेवली, बाई. समदी जेवली!" मी जुन्या आवाजात म्हणाले. सोपं काम होतं. एक वाक्य म्हणायचं आणि म्हातारी जेवणार. मारितनं चमचा उचललासुद्धा.

बाईंनी मान तिरकी केली. दारात उभ्या असताना करायच्या तशीच. ऐकत राहिल्या. माझ्या खोलीत फक्त घड्याळ चालत होतं.

"ताटांचा आवाज न्हाय," त्या म्हणाल्या. "कोन भांडंनाबी झालंय."

"झोपली, बाई. दमल्यात."

"खोटं बोलतीस, विद्ये."

आणि त्यांनी ताटली दूर सारली. मारित मला विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली? मी सांगितलं, माशाला मीठ नाही म्हणते. एका संध्याकाळी तीनदा खोटं.

फोन ठेवल्यावर मला संताप आला. बाईंचा, मारितचा, त्या नर्सचा, सगळ्यांचा. साता समुद्रापलीकडं बसून हिला माझं खोटं कळतं आणि आपल्या पोटातली भूक कळत नाही? मी खूप बडबडले. केरबा गेटवरून ऐकत होता, त्याला वाटलं चोर शिरला. तो काठी घेऊन आला तोवर मी रडायला लागले होते. बाईंनी मला कधी मारलं नव्हतं. खोटारडी म्हणायची वेळही आजवर आली नव्हती.

त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी उठले ती मनाशी ठरवूनच. खोटं चालत नाही ना हिला? मग खरं करून दाखवते.

*

पुढचे दोनतीन दिवस मी फोनला चिकटून होते, बालगृहात वाढलेली पोरं गोळा करत. मुरगूडच्या वर्षाराणीला लावला. ती शिवणकामाचा क्लास चालवते आणि तिच्याकडं सगळ्यांचे नंबर असतात. हातकणंगल्याच्या अमरसिंहाला लावला. त्याच्या दुधाच्या गाड्या आहेत. शाहूवाडीच्या पिराजीला लावला. तो शेतात होता, म्हणाला, "आक्का, बाई जेवंना झाल्यात म्हंजी काय? येतो की!" पुढं काही विचारलंच नाही.

भांडण झालं ते जेवणावरून. अमरसिंह म्हणाला मटण मी आणतो, तांबडा-पांढरा रस्सा करू. वर्षाराणी म्हणाली केटरर सांगू. मी दोघांनाही झाडलं. रविवारचा आमचा बेत ठरलेला असायचा. आमटी, भात, भाकरी, झुणका आणि कांदा. "तेच शिजल," मी म्हणाले, "ज्याला मटन पायजे त्यानं घरला बसावं." पिराजीनं शेतातला नवा तांदूळ पाठवला. केरबानं बाकं हलवली आणि प्रत्येक बाकामागं एकदा कमरेच्या नावानं बोंब मारली.

रविवारी सगळे आले. कुणी मोटारसायकलवर, कुणी टेंपोतून, कुणी लेकरंबाळं घेऊन. मी चुलीपाशी होते, धुरानं डोळे चुरचुरत होते आणि दारातून माणसं आत येत होती. एक टक्कल आत आलं आणि मला अंथरूण ओलं करणारा पोरगा दिसला. एक जाडजूड बाई आली आणि तिच्यामागून लाल रिबिनीची मुलगी चालत आली. दर माणसाबरोबर त्याचं लहानपण आत येत होतं आणि जागा धरून बसत होतं. मला ते काही नवल वाटलं नाही. धूर गोड होता, ऊन तिरपं झालं होतं, आणि त्या खोलीला अशी गर्दी माझ्याहून जास्त पाठ होती.

बस्करपट्ट्या घातल्या. गुडघे दुखणाऱ्यांनी कुरकुर करत मांडी घातली. फोन ठेवायचा कुठं? वर्षाराणी म्हणाली मधोमध, सगळे दिसतील. मी म्हणाले, नाही. दाराच्या चौकटीला, बाईंच्या खांद्याच्या उंचीवर, एक जुना खिळा होता. तिथं फोन दोरीनं बांधला. कॉल लावला. चौकटीत बर्फाचा उजेड पडला आणि त्यात बाईंचा चेहरा आला.

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. मग पिराजीनंच डोळे मिटून सुरुवात केली आणि सगळ्यांनी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली, लहानपणी म्हणायचे तशीच, शेवटचे शब्द गिळत, भुकेच्या घाईत. आमेन झालं आणि गलका उसळला. आमटी वाढा, इकडं भाकरी, ए सरक की, माझा कांदा कुणी घेतला. त्यांची लेकरं आपापल्या आईबापाकडं तोंड उघडं टाकून बघत होती.

मी पळी घेऊन फिरत होते. मधूनच दाराकडं पाहिलं. बाई ऐकत होत्या. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यात हसू. त्यांच्यामागं बर्फ पडत होता आणि आमच्या खिडकीतून धूर आत येत होता. दोन्ही सावकाश चाललेलं. एक क्षण मला खरोखर वाटलं की नॉर्वे आमच्या व्हरांड्यातच आहे, आणि मी जरा वाकून बघितलं तर बाईंच्या वहाणा दिसतील.

"अमऱ्या, भात टाकू नगंस," फोनमधून आवाज आला.

अमरसिंहानं दचकून ताटातला भात पुढं ओढला. एवढा मोठा माणूस, पण रडत रडत शेवटच्या शितापर्यंत जेवला.

मग एकेक उठले. नळावर ताटं वाजली, केरबा पाणी सांडणाऱ्यांवर खेकसला. शेवटचं ताट पालथं पडलं तशी मी पदराला हात पुसले, दारात गेले आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले, "बाई, समदी जेवली!"

सगळे माझ्यामागं येऊन उभे राहिले. मारितनं बटाट्याचा तुकडा चमच्यात घेतला, बाईंच्या ओठांशी नेला.

बाईंनी तोंड मिटलं.

मागं कुणाच्या तरी तोंडून "अरे देवा" निघालं. माझ्या मनात आलं तेच. आता आणखी काय हवंय हिला? खरं बोलले, ताटं वाजवली, भांडणंसुद्धा लावली. आता स्वर्गातून शालूबाईला आणू? मी चिडून फोनच्या इतकी जवळ गेले की माझाच श्वास काचेवर उमटला.

"जेवा की बाई आता! समदी जेवली म्हंतोय न्हवं?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. या वेळी भिंतीकडं नाही, माझ्याचकडं.

"आनी तू?"

मी हातातल्या पळीकडं पाहिलं.

रीत मी मारितला पूर्ण सांगितली होती. फक्त एवढं सांगितलं नव्हतं, कारण ते रीतीतलं आहे असं मला कधी वाटलंच नाही. आरोळी झाल्यावर बाई दारातून विचारायच्या, आणि तू? शालूबाई होती तोवर तिला, मग मला. मी म्हणायचे, मी जेवतो मागनं. बाई म्हणायच्या, मागनं म्हंजी कवा? मग आम्ही दोघी चुलीपाशी बसायचो. पातेल्याच्या बुडाची खरवड त्यांना फार आवडायची. ती खरवडून आम्ही निम्मी निम्मी घ्यायचो. दिवसभरात त्या तेवढ्याच वेळ बसायच्या. मी जन्मभर समजत होते की बाई पोरांसाठी थांबतात. त्या माझ्यासाठीही थांबत होत्या, हे साठी ओलांडल्यावर त्या चौकटीत उभं राहून मला कळलं.

"मी जेवतो मागनं," माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"मागनं म्हंजी कवा?"

वर्षाराणीनं माझ्या हातातली पळी काढून घेतली. पातेल्यात खरवडीशिवाय काही उरलं नव्हतं. तीच तिनं ताटात काढून आणली, वर आमटी ओतली. पिराजीनं खिळ्यावरचा फोन सोडला आणि चुलीसमोर पाटाला टेकून ठेवला. मी बसले. पहिला घास हातात घेतला. पालथ्या ताटांवरून पाणी ठिबकत होतं, सगळी पोरं भोवती उभी होती, आणि मला आठवेना की मी याआधी खाली बसून कधी जेवले होते. बालगृह बंद झाल्यापासून नाही. दोन वर्षं मी ओट्याशी उभी राहून चहापाव खात होते आणि स्वतःला सांगत होते, एकटीसाठी कोण पातेलं चढवणार.

मी घास गिळला. दुसरा घेतला.

तिकडं बाईंनी मारितचा चमचा बाजूला सारला. हातानं बटाटा फोडला, कालवला, आणि तोंडात घातला. मारितनं तोंडावर हात धरला. बाई सावकाश चावत माझ्या ताटाकडं बघत होत्या.

"करपलीया का?"

"व्हय. जराशी."

"मग बरी लागती," बाई म्हणाल्या.

*

अंधार पडला तसे सगळे गेले. गाड्यांचे आवाज विरले, केरबानं गेट लावलं. खोली पुन्हा पहिल्यासारखी झाली, फक्त बाकं अजून बाहेरच होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पिराजीच्या तांदळातला वाटीभर भात घातला आणि मुद्दाम थोडा खाली लागू दिला. पाट मांडला, फोन समोर ठेवला. चौकटीतला तो पांढरा उजेड माझ्या चुलीपुढं आला. बाईंपुढं ताटली होती. त्यांनी मान तिरकी केली.

"पोरं जेवली का गं?"

माझ्या खोलीत घड्याळ चालत होतं. गुऱ्हाळाचा धूर दारातून आत येत होता. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची छाती होत नव्हती. कालचा गलका हिच्या कानात असेल, तो मी आपल्या हातानं कसा पुसू?

"पोरं आपापल्या घरला गेली, बाई," मी म्हणाले. "तितंच जेवत्यात आता. हितं आपुन दोघीच ऱ्हायलोय."

बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. ताटांचा आवाज नव्हता. भांडणाचा नव्हता.

"मग वाड की," बाई म्हणाल्या. "आता कुनाची वाट बगतीस?"

मी पातेलं ओढलं आणि खरवड काढायला घेतली.